आधी करडई दाखवा

‘कार्टून? ते पोरांचं. मी नाही बघत.’

असं म्हणणाऱ्या माणसाशी वाद घालून आजवर कुणाचं भलं झालेलं नाही. ऑस्करची यादी वाचून दाखवा, जपानमध्ये आजोबासुद्धा तिकीट काढून ॲनिमेशन बघायला जातात असं सांगा, तो माणूस मान डोलावतो आणि बातम्या लावतो. वाद घालून कुणी चित्रपटाच्या प्रेमात पडत नाही. त्याला एक चित्रपट लागतो. एकच पुरतो, पण तो नेमका असावा लागतो. आणि हा नेमका चित्रपट निवडतानाच आपले ॲनिमेशनवेडे मित्र घोळ घालतात.

त्यांना विचारा, सुरुवात कुठून करू? ते शेकडो भागांची मालिका सांगतात आणि वर बजावतात, सुरुवातीचे भाग जरा सहन कर, पुढे मजा आहे. साठीच्या माणसाने का सहन करायचं? नाहीतर मग उडते किल्ले, राक्षस, चेटकिणी. ज्याच्या मनात ‘हे सगळं खोटं असतं’ ही अढी बसली आहे, त्याच्यापुढे नेमकं सगळ्यात अद्भुत तेच नेऊन ठेवायचं. उडते किल्ले मलाही प्रिय आहेत. पण ते नंतर. अढी बसलेल्या माणसाला आधी त्याच्या हातातलं काम दाखवावं, त्याला पुरतं ठाऊक असलेलं काहीतरी. चित्र काढणाऱ्याला ते आपल्याइतकंच ठाऊक आहे हे त्याच्या लक्षात आलं, की पुढचं काम चित्रपट करतो.

एक गोष्ट अढीवाल्यांनाही सुनवायला हवी. तुम्ही ॲनिमेशन बघत नाही हे खरं नाही. २०१९चा ‘द लायन किंग’ तुम्ही सहकुटुंब बघून आलात. त्यातलं गवत, सिंह, धूळ, आभाळ सगळं संगणकावर घडवलेलं होतं. दिग्दर्शक जॉन फाव्रो यांनीच सांगितलं की खऱ्या कॅमेऱ्याने टिपलेला शॉट त्यात एकच आहे. तो चित्रपट तुम्हाला पोरकट वाटला नाही, कारण त्यात रेघ दिसत नव्हती. तेव्हा तुमची अडचण ॲनिमेशनची नाही, रेघेची आहे. कुणीतरी हाताने काढलंय हे दिसलं की तुम्ही ते बालवाडीत ढकलता. हाताने केलेल्या कामाची ही किंमत आपण कधीपासून करायला लागलो?

आता चित्रपटाकडे येते. इसाओ ताकाहाता यांचा ‘ओन्ली यस्टरडे’, १९९१चा.

ताकाहाता यांच्याबद्दल दोन गोष्टी आधी सांगायला हव्यात. ते चित्रकार नव्हते. टोकियो विद्यापीठात फ्रेंच साहित्य शिकत होते. १९५५मध्ये जपानमध्ये पॉल ग्रिमो यांचा एक फ्रेंच ॲनिमेशनपट लागला, मेंढपाळ मुलगी, धुराडं साफ करणारा मुलगा आणि एक जुलमी राजा यांच्या गोष्टीचा. पटकथेवर कवी जाक प्रेव्हेर यांचं काम होतं. तो बघून या विद्यार्थ्याच्या डोक्यात पक्कं बसलं की चित्रांमधून मोठ्या माणसांसाठी विचार मांडता येतो. १९५९मध्ये ते तोएई या ॲनिमेशन कंपनीत नोकरीला लागले आणि जन्मभर त्याच धंद्यात राहिले. पुढे प्रेव्हेर यांच्या कविता त्यांनी जपानीत आणल्या, आणि ग्रिमो यांनी नव्याने पुरा केलेला तो जुना चित्रपट २००६मध्ये जिब्ली या जपानी ॲनिमेशन स्टुडिओने जपानच्या पडद्यावर आणला. एका चित्रपटाने माणूस किती वळतो याचा याहून पक्का दाखला माझ्याकडे नाही.

दुसरी गोष्ट अशी की सगळे लोक ताकाहातांचा ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ सुचवतात. १९८८चा हा चित्रपट, कोबे शहरावरच्या बॉम्बफेकीत आई गमावलेल्या भावाबहिणीचा. ताकाहाता स्वतः ९ वर्षांचे असताना ओकायामावरच्या हवाई हल्ल्यातून वाचले होते, आणि ते त्या चित्रपटाच्या प्रत्येक फ्रेममध्ये जाणवतं. माझ्या मते युद्धावर इतकं खरं फार थोड्या लोकांनी केलंय. तरी अढीवाल्याला पहिला म्हणून तो दाखवू नका. तो बघून माणूस कोलमडतो. दुसऱ्या दिवशी आणखी एक लावू का विचाराल तर हात जोडेल. पहिल्या चित्रपटाने दुसऱ्याची भूक लावायला हवी.

‘ओन्ली यस्टरडे’ ती लावतो. गोष्ट सांगण्यासारखी फारशी नाहीच. १९८२ साल. ताएको नावाची २७ वर्षांची, टोकियोत नोकरी करणारी, लग्न न झालेली मुलगी रजा काढून यामागाताला, बहिणीच्या सासरच्या नातलगांकडे शेतात राबायला जाते. रात्रीच्या गाडीत तिला पाचवीतली, १९६६ सालातली ताएको आठवायला लागते आणि मग ती मुलगी तिची पाठ सोडत नाही. उडत्या किल्ल्यांचा इथे पत्ता नाही. शेत, रेल्वे, एक जुनी मोटार, भागाकार, अननस एवढंच आहे.

आणि करडई आहे. यामागातात ज्या फुलांच्या तोडणीला ताएको जाते ती करडईची आहेत. आपल्या सोलापूर-मराठवाड्यात रब्बीला असते तीच. आपण ती तेलासाठी घेतो, तिथे पाकळ्यांतून लाल रंग काढायची परंपरा आहे, ओठांच्या लालीसाठी आणि कापडासाठी.

आमचे मामा मंगळवेढ्याकडे शेती करतात. ज्वारी, करडई, थोडा हरभरा. दिवाळीत सगळे जमले असताना मी मोबाइलवरून टीव्हीला हा चित्रपट जोडला. मामा अडकित्ता घेऊन सुपारी कातरत बसले होते. पडद्यावर रेघ दिसताच म्हणाले, ‘पोरास्नी लाव की हे. मी पडतो जरा.’ मी म्हटलं, ‘मामा, शेत येईपर्यंत बसा, मग पडा.’ बसले, पण माझ्यासाठी. संवाद जपानी, खाली इंग्रजी अक्षरं. मी जमेल तसं मराठीत सांगत होते.

गाडी पहाटे पोहोचते. ताएकोला घ्यायला तोशिओ नावाचा तरुण शेतकरी आलेला असतो. ती त्याला म्हणते, घरी नको, थेट शेतावर जाऊ. अजून पुरतं उजाडलेलं नाही, धुकं आहे, बायामाणसं वाकून फुलं खुडतायत. अडकित्ता थांबला.

‘आगं, ही करडई हाय.’

‘हो मामा.’

‘तिकडच्या करडईला काटा हाय का?’

मी उत्तर देणार, तेवढ्यात त्यांचं त्यांनाच दिसलं. ‘हाय. म्हणून पहाटं आल्यात. दव असतंय तवर काटा मऊ असतोय.’ त्यानंतर चित्रपटातही तेच सांगितलं गेलं, आणि मी ते मराठीत करायला लागले तर मामांनी हात वर केला. ‘कळलं मला.’ बस, तिथून पुढे ते त्यांचं झालं. मला भाषांतराचं काम फारसं उरलं नाही.

मग शंका सुरू झाल्या. पाकळ्याच का तोडतायत, बियांचं काय करतात? रंग किती निघतो? ओली फुलं धुऊन, तुडवून, आंबवून त्यांच्या वड्या कशा करतात ते चित्रपटात नीट, टप्प्याटप्प्याने दाखवलंय, आणि मामा ते एखाद्या कृषी प्रदर्शनातल्या स्टॉलसमोर उभं राहावं तसं बघत होते. फुलाचा पिवळा रंग बुडाकडून तांबडा होत जातो त्यावर म्हणाले, ‘रंग बराबर धरलाय.’ करडई काढता काढता बोटं सोललेल्या माणसाने दिलेला हा शेरा कुठल्याही समीक्षकाच्या पंचतारांकित शेऱ्याहून मला मोठा वाटतो.

जुन्या काळी हातमोजे न घालता फुलं खुडणाऱ्या मुलींचा विषयही चित्रपटात निघतो. बोटं त्यांची रक्ताळायची, आणि त्या फुलांची लाली लागायची शहरातल्या बायकांच्या ओठांना. पिकवणाऱ्याला ती परवडत नसे. आमच्या मामी तोवर स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. बिनकाट्याची करडई आली तेव्हाची त्यांना आठवण झाली. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बिनकाटेरी वाण काढले, त्याआधी काढणीला बाया मिळायच्या नाहीत, असं त्या म्हणाल्या. चित्रपट जपानचा, पण गप्पा फलटणच्या चालल्या होत्या.

पुढे एका जागी ताएको डोंगर, झाडी, ओढा बघून म्हणते, खरा निसर्ग हा असा! तोशिओ तिला सांगतो की तू बघतेस ते सगळं माणसाने घडवलेलं आहे. हे रान, ही शेतं, हा ओढासुद्धा. पिढ्यान्‌पिढ्या माणसाने निसर्गाशी झगडत, त्याच्याकडून घेत, त्याला देत ही जागा उभी केली. ताकाहाता इथे जरा लांबण लावतात, तोशिओ भाषण ठोकतो, हे मला मान्य आहे. पण शहरातून गावाकडे फोटो काढायला जाणाऱ्या प्रत्येकाने ते भाषण ऐकावं. मामांना त्यात नवीन काही वाटलं नाही. ‘बांध काय आपोआप पडत्यात व्हय?’ एवढंच म्हणाले.

आता खरा प्रश्न, आणि तो रास्त आहे. एवढं साधं असेल तर चित्रं कशाला काढली? कॅमेरा घेऊन यामागाताला जायचं, नटी उभी करायची, झालं.

झालं नसतं. कॅमेऱ्यापुढे जे असेल ते कॅमेरा उचलतो, हवं ते, नको ते, सगळं. चित्रात काहीही आपोआप येत नाही. पानावरचा दवाचा थेंब तिथे असेल तर कुणीतरी तो बघितला, तो हवा असं ठरवलं, मग काढला. सेकंदाला २४ फ्रेम लागतात. एक चित्र दोन-तीन फ्रेम धरून ठेवलं तरी सेकंदाला आठ ते बारा चित्रं होतात. एवढ्या कष्टाने कुणी करडई खुडणारा हात काढतो तेव्हा तो हात बघण्यासारखा आहे असं तो मानतो. शेतात राबणाऱ्या हाताला एवढा मान कॅमेऱ्यानेही क्वचितच दिलाय.

दुसरं कारण आठवणींचं आहे. या चित्रपटात दोन काळ दोन तऱ्हांनी रंगवलेत. १९८२चं जग भरगच्च आहे, पान न्‌ पान दिसतं. १९६६चं जग फिकट जलरंगात आहे आणि कडेला जात जात पांढरं होतं. वर्ग दिसतो, पण खोलीचे कोपरे विरलेले आहेत. आठवण अशीच असते. मास्तरांचा आवाज राहतो, भिंतीचा रंग जातो. कॅमेऱ्याने हे करायचं तर भिंत उभारावी लागते, ती रंगवावी लागते, आणि मग ती दिसतेच. न आठवणारी गोष्ट न दाखवण्याची सोय कागदाकडे आहे. ज्यांना रेघ पोरकट वाटते त्यांनी या कोऱ्या कडा जरूर बघाव्यात.

मोठ्या ताएकोचा चेहरा मात्र सुरुवातीला खटकतो. जपानमध्ये सहसा चित्रं आधी होतात आणि आवाज नंतर चढवतात. इथे ताएको आणि तोशिओचे आवाज आधी घेतले आणि बोलताना गाल, ओठ, स्नायू कसे हलतात त्याबरहुकूम चेहरे काढले. त्यामुळे हसताना गालावर रेघा येतात आणि ती वयापेक्षा मोठी दिसते. पहिली काही मिनिटं माझंही लक्ष त्या रेघांवरच होतं. नंतर ते चेहरे माणसांचे झाले आणि गोंडस, गुळगुळीत कार्टून चेहरेच परके वाटायला लागले.

पण या चित्रपटातलं माझं सगळ्यात आवडतं काही असेल तर तो अननस.

१९६६च्या टोकियोतल्या मध्यमवर्गीय घरात ताजा अननस हे अप्रूप. घरात येतो, पण कापायचा कसा हे कुणालाच माहीत नाही. म्हणून तो काही दिवस नुसता ठेवून दिला जातो. मग थोरली बहीण रीत शिकून येते. सगळं घर टेबलाभोवती, आजीसुद्धा. सुरी शेंड्यात शिरते, बुडात शिरते, अननस उभा चिरला जातो, वास सुटतो, ताएको नाक पुढे काढते. फोडी होतात. सगळे एकदम तोंडात घालतात.

आणि कुणी काहीच बोलत नाही.

फळ कडक आहे, आंबट आहे. प्रत्येकजण चावतोय आणि दुसऱ्याच्या तोंडाकडे बघतोय. सहा माणसं, सहा तऱ्हांचं चावणं. आजी वेगळी चावते, वडील वेगळे. मग एकेक फोड ताटलीत परत ठेवली जाते आणि केळंच बरं असा निकाल लागतो. ताएको एकटी खात राहते. तिला आवडलंय म्हणून नव्हे. इतकी वाट बघितलेल्या गोष्टीचा पोपट झाला हे तिला कबूल करायचं नाही. ती बाकीच्यांच्या फोडीही ओढून घेते. जबडा दुखला तरी चावत राहते.

या प्रसंगात घटना काहीच नाही. पण दहा वर्षांच्या मुलीची जिद्द, घरातल्या प्रत्येकाचा स्वभाव, त्या काळची परिस्थिती हे सगळं नुसत्या चावण्यात आलंय. ते वडील तर अस्सल आहेत. शाळेच्या नाटकात ताएकोला एका वाक्याचं काम मिळतं, ती त्यात जीव ओतते, बाहेरच्या नाटकात काम करायचं बोलावणं येतं, आणि वडील वर्तमानपत्राआडून एका शब्दात नाही म्हणतात. आरडाओरडा नाही, समजावणं नाही. विषय संपला. आमच्या टीव्हीसमोर बसलेल्या बायकांपैकी कितीजणी तेव्हा एकदम गप्प झाल्या ते मी बघत होते.

भागाकाराचा प्रसंग शिक्षकांनी तर बघावाच. दोन तृतीयांशला एक चतुर्थांशने भागायचं. खालचा अपूर्णांक उलटा करा आणि गुणा, एवढं केलं की गणित सुटतं आणि मार्क मिळतात. ताएको अडते, कारण तिला ते समजून घ्यायचं आहे. दोन तृतीयांश सफरचंद एक चतुर्थांशने भागलं म्हणजे नेमकं काय केलं? सफरचंदाचं चित्र काढून ती बहिणीला विचारते. बहिणीला सांगता येत नाही, ती चिडते. घरात मुलगी मठ्ठ ठरते. खोलीत तिच्याइतका नीट विचार दुसरं कुणीच करत नसतं.

आता वितरकांना दोन शब्द. हा चित्रपट १९९१मध्ये जपानच्या स्वतःच्या चित्रपटांमध्ये कमाईत पहिला होता. म्हणजे ‘असलं कोण बघणार’ हा प्रश्न तिथल्या प्रेक्षकाने तेव्हाच निकालात काढला. तरी अमेरिकेच्या थेटरांत तो पोहोचायला २०१६ साल उजाडलं. त्यात शाळकरी मुली मासिक पाळीबद्दल बोलतात, मुलं चिडवतात, एक मुलगी खेळाच्या तासाला बाहेर बसते. मुलांसाठी विकायचा तर हे चालणार नाही, आणि मोठ्यांसाठी विकायचा तर तो कार्टून! या कचाट्यात पंचवीस वर्षं गेली. आपल्याकडेही ॲनिमेशनला सकाळचा खेळ मिळतो, कारण संध्याकाळचं तिकीट मोठी माणसं काढतात असं गृहीत धरलेलं आहे. एकदा हा चित्रपट सोलापूर, लातूर, बार्शीला संध्याकाळी सहाला लावून बघा. पोस्टरवर मोठ्ठं करडईचं फूल छापा.

हे सगळं परदेशी आहे, आपलं नाही, असं म्हणणाऱ्यांसाठीही एक तारीख सांगते. दादासाहेब फाळक्यांनी १९१५मध्ये ‘आगकाड्यांची मौज’ केला. काड्यापेटीतल्या काड्या एकेक फ्रेमला सरकवून त्या पडद्यावर नाचवल्या. प्रभातने १९३४मध्ये ‘जंबू काका’ केला. आणि गीतांजली राव यांनी अलीकडे ‘बॉम्बे रोज’ फ्रेम न्‌ फ्रेम रंगवून केला, गजरे विकणारी मुलगी आणि तिची मुंबई. २०१९मध्ये व्हेनिसच्या समीक्षक सप्ताहाची सुरुवात त्याने झाली. मुंबईत राहून तो न बघितलेल्यांची मला खरोखर चीड येते.

प्रत्येकाला करडई चालेल असं नाही, हे उघड आहे. यंत्रात रमणारा असेल तर जपानी दिग्दर्शक हायाओ मियाझाकींचा ‘द विंड राइजेस’ लावा, त्यात विमानाच्या आराखड्यावर झुकलेला अभियंता आहे. घरात विसराळूपण आलेलं म्हातारं माणूस असेल तर ‘रिंकल्स’ हा स्पॅनिश चित्रपट आहे. ज्यांना राजकारणाशिवाय दुसरं काही बघवत नाही त्यांच्यासाठी मर्जान सत्रापी यांचा ‘पर्सेपोलिस’. समोरच्या माणसाला हाताने, कामाने, आयुष्याने काय येतं ते आधी विचारा. तुमच्या आवडीची यादी नंतर काढा.

‘ओन्ली यस्टरडे’ लावणार असाल तर मूळ जपानीच लावा. इंग्रजीत देव पटेलने तोशिओचा आवाज चांगला दिलाय, पण चेहरे मूळ आवाजांवरून काढलेले आहेत, ते जुळायला हवेत. पहिला अर्धा तास फोन बाजूला ठेवा, चित्रपट घाई करत नाही. आणि शेवटी नावं सुरू झाली म्हणून टीव्ही बंद करू नका. मामा उठायला लागले होते, त्यांना मी हाताला धरून खाली बसवलं. ताएको टोकियोला परत जाते की नाही, ते नावांच्या मागेच ठरतं.